पहिला रोलचा कॅमेरा: वसूल की तोट्यात?

पेन्टॅक्स के१००० घेऊन आता बरेच दिवस झाले, रोलही बरेच संपले. ‘घ्यावा का?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी वेगळंच काहीतरी सांगत आलोय, म्हणून एकदाचा हिशेब मांडून टाकतो. रंगीत रोल भरायचा, लॅबला पाठवायचा आणि आलेले स्कॅन मोबाइलवर बघायचे एवढाच बेत असेल तर घेऊ नका. काळा-पांढरा रोल भरून घरी धुवायची तयारी असेल तर बिनधास्त घ्या. माझा कॅमेरा दुसऱ्या वाटेनं वसूल झाला. पहिल्या वाटेनं तो आजही तोट्यात आहे.

नवीन मंडळींसाठी यंत्राची ओळख थोडक्यात. के१००० बाजारात आला १९७६ मध्ये आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. शटर पूर्ण यांत्रिक, १ सेकंदापासून १/१००० पर्यंत, शिवाय बल्ब, म्हणजे बटण दाबून धराल तितका वेळ शटर उघडं. एलआर४४ जातीचा एक बटण सेल लागतो, तोही फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी. सेल मेला तरी कॅमेरा चालूच. सेल्फ टायमर नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये वेगाचा किंवा ॲपर्चरचा (लेन्सचं भोक किती उघडं त्याचा) आकडा दिसत नाही, उजव्या बाजूला एक काटा तेवढा वरखाली होतो. मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सला झाकण लावायचं, आत अंधार झाला की सेल वाचतो. ज्यांना झाकण खिशात टाकून फिरायची सवय आहे त्यांनी जास्तीचे सेल जवळ ठेवावेत.

जिन्याखालचं दुकान

कॅमेरा हातात आला तेव्हा मागच्या दाराच्या कडेचा फोम विरघळून काळा, चिकट राडा झाला होता. त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं हेच होतं, फोमचं आयुष्यच तेवढं. तसाच ठेवला तर बिजागरीकडून उजेड शिरतो आणि फ्रेमच्या कडेला पट्टा उमटतो. आरसा जिथे वर जाऊन टेकतो तिथला फोम झडला तर त्याचे कण फोकसिंग स्क्रीनवर येऊन बसतात, ते वेगळंच.

आमच्या कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करणारे एक मामा बसतात. त्यांनी कॅमेरा उघडायच्या आधी कानाला लावला. रोल न भरता एकेक वेग लावत शटर मारत गेले. १ सेकंद, १/२, १/४. प्रत्येक वेळी आतलं चक्र कुर्रर्र करत सुटायचं आणि शेवटी टक् करून पडदा मिटायचा. १/८ ला थांबले, परत मारला, परत ऐकला.

“ह्यो कॅमेरा म्हंजे बुलेट हाय बघ. बिघडायच्या आधी आवाज बदलतोय. हितं जरा अडकतोय, पर चालंल.”

“तेल घालायचं का मामा?”

“अजिबात न्हाई. तेल सरकत सरकत पडद्यावर येतंय, मग बस बोंबलत.”

नवा फोम मागवण्याऐवजी त्यांनी मला गुजरीत पिटाळलं. दागिन्यांच्या डब्यांना आतून लावतात ती काळी मखमल, वीतभर. जुना राडा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि काडीला गुंडाळलेल्या कापसानं साफ केला, बारीक खाचेत काळी लोकर बसवली, बिजागरीच्या बाजूला मखमलीची पट्टी चिकटवली. त्यानंतर आजपर्यंत एकाही निगेटिव्हवर पट्टा आलेला नाही. तयार फोमचे संच ऑनलाइन मिळतात. पण लोकर आणि मखमल फोमपेक्षा जास्त टिकते असं माझं मत आहे, शिवाय ती पुन्हा चिकट होणार नाही.

मोबाइलवर शटरचा आवाज रेकॉर्ड करून वेगही तपासले. १/१००० हा प्रत्यक्षात १/६०० च्या आसपास पडतो, म्हणजे पाऊण स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). इतक्या वयाच्या यंत्राला हे चालायचंच. निगेटिव्ह जास्तीचा उजेड सोसते, कमी पडलेला सोसत नाही, म्हणून ते तसंच ठेवलंय.

रंगीत: खर्चाची बाजू

हा भाग लवकर उरकतो. रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर मिळून एका रंगीत रोलला दीड हजाराच्या आसपास जातात. ३६ फ्रेम धरल्या तर एका क्लिकला ४० रुपये. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, १९२९ मध्ये जिथे प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, ज्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, तिथून मी रंगीत रोल कुरिअरनं मुंबईला पाठवतो. एका लॅबकडून (नाव नको) स्कॅन असे आले की रंकाळ्याच्या पाण्याची प्रत्येक लाट सुरीनं कापलेली. निगेटिव्ह नीट होती, स्कॅन करणाऱ्यानं शार्पनिंग ठासून भरलं होतं. म्हणजे ४० रुपये देऊन वर फोटोचं रूप दुसऱ्याच्या मर्जीवर.

रंगीत घरी का धुवत नाही? रंगीत रोल धुवायच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंशांवर राहावा लागतो आणि रोल त्यात फक्त ३ मिनिटं १५ सेकंद. तापमान जरा हललं की रंग सरकतात. करणारे करतात, त्यांना दंडवत. मला त्यात मजा येत नाही.

काळा-पांढरा: इथे मन रमलं

१०० फुटी, म्हणजे ३०.५ मीटरचा अख्खा रोल घ्यायचा आणि लोडरमधून, म्हणजे फिल्म उजेड न लागता गुंडाळायच्या यंत्रातून, जुन्या डब्यांत भरायचा. ३६ फ्रेमचे साधारण १८ रोल निघतात. केमिकल धरूनही क्लिकमागे खर्च १५ रुपयांच्या आसपास येतो. मामांना सांगितलं तर म्हणाले, “आमी उटीचा इंदू भरत हुतो, हाच धंदा.” हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा तो इंदू रोल आता इतिहासजमा झाला, पण लोडर त्यांच्या कपाटात अजून आहे. मी वापरतो तो त्यांचाच.

धुण्याबद्दल आपल्याकडच्या हवेत एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. सगळे तक्ते २० अंशांचे. इलफर्ड एचपी५ प्लस हा रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये १+१ प्रमाणात (जितका डेव्हलपर तितकंच पाणी) धुतला तर २० अंशांवर ११ मिनिटं. एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालवत नाही. बर्फ घालून २० वर आणता येतं, पण रोल धुवायचा टँक हातात धरून उलटापालटा करता करता ते परत चढतं. त्यामुळे मी उन्हाळ्यात २० च्या नादाला लागत नाही. माठातलं पाणी घेतो, २४ अंशांवर स्थिर करतो आणि वेळ साडेसात मिनिटांवर आणतो. उन्हाळ्यात डेव्हलपर पातळ न करता कधीही वापरायचा नाही, कारण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की आकाशात डाग आणि पट्टे येतात. १+१ केलं की वेळ लांबते, काम निवांत होतं.

डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं रसायन म्हणजे हायपो, त्याची परीक्षा दर वेळी घ्यायची. रोलच्या सुरुवातीची कापलेली शेपटी हायपोत टाकायची, दुधाळ दिसणारी पट्टी किती वेळात स्वच्छ पारदर्शक होते ते घड्याळात बघायचं आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवायचा. हा वेळ लांबत चालला की हायपो थकला. आणि थकलेला हायपो मोरीत ओतू नका, फिल्मवरची चांदी त्यात उतरलेली असते. पूर्वी स्टुडिओतला वापरलेला हायपो चांदी काढायला जायचा. चांदीकामाची हुपरी शेजारी असलेल्या माणसानं तरी चांदी गटारात सोडू नये.

शेवटचं विसळणं महत्त्वाचं. थेट पाईपलाईनचं असो नाहीतर बोअरचं, नळाच्या पाण्याचे थेंब सुकले की निगेटिव्हवर पांढरे ठिपके बसतात. गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी मिळतं त्याचा एक कॅन आणून ठेवलाय. त्यात वेटिंग एजंटचा (पाणी थेंब न धरता ओघळावं म्हणून घालतात त्याचा) एक थेंब, अर्धा मिनिट, की थेट टांगायचं. पुसायचं नाही. टांगायला जागा न्हाणीघर. आधी गरम पाणी सोडून वाफ करून घेतली की हवेतली धूळ खाली बसते. घरचे त्या दोन तासांत आंघोळीला जायचं म्हणतात हा भाग वेगळा.

मीटरचा काटा

रोलमुळे माणूस थांबतो, विचार करून फोटो काढतो, असं सगळीकडे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. गंगावेशीकडच्या तालमीत पहाटे जोर-बैठका चालू असताना कोण तुमच्यासाठी थांबतंय? तिथे लेन्स पूर्ण उघडी म्हणजे एफ/२, १/६० आणि वाढीव वेळ धुतलेला ४०० आयएसओचा रोल, एवढंच असतं हातात. हळद-ताक पिऊन तयार झालेली ती लाल माती काळ्या-पांढऱ्यात अंगावर चढलेली दिसते ती भारी, पण त्यात माझ्या विचार करण्याचा वाटा काही नाही.

शिकवलं ते काट्यानं. मीटरला समोरचं सगळं मध्यम राखाडी हवं असतं. पंचगंगा घाटाच्या काळ्या पायऱ्यांवर काटा मधोमध आणला की पायऱ्या धुरकट राखाडी होतात. तिथेच पांढरं धोतर नेसलेला माणूस फ्रेमभर घेतला की धोतर राखाडी होतं. डिजिटलवर मागचा पडदा बघून मी हे नुसतं दुरुस्त करत आलो होतो, कधी समजून घेतलं नव्हतं. आता काळ्या दगडाला एक स्टॉप कमी, पांढऱ्या कपड्याला एक-दीड स्टॉप जास्त, हे बोटांना कळतं. दुसरी गोष्ट, या मीटरच्या सेन्सरला उजेडाची आठवण राहते. रंकाळ्यावर मावळतीकडे रोखलेला कॅमेरा लगेच सावलीकडे वळवलात तर काटा काही सेकंद उजेड जास्त असल्याचं सांगत राहतो. थांबायचं, किंवा त्याच्याकडे न बघता अंदाजानं मारायचं. एप्रिलच्या उन्हात ४०० च्या रोलला एफ/१६ आणि १/५०० हे गणित कोल्हापुरात डोळे झाकून बसतं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत मात्र खरी गंमत कळली. गुलाबी गुलाल काळ्या-पांढऱ्या रोलवर कोणत्या रंगाचा? साध्या लेन्सवर तो मधला राखाडी येतो आणि माणसांच्या कपड्यांत मिसळून जातो, यात्रा आहे की बाजार ते कळत नाही. लाल फिल्टर लावला तर गुलाल पार उजळून पांढरट पडतो. हिरवा लावला की तो गडद होतो, माणसांच्या चेहऱ्यांवर, सासनकाठ्यांवर, दगडांवर साचलेला ठळक दिसतो. हिरवा फिल्टर उजेड बराच खातो, पण मीटर लेन्समधूनच बघत असल्यानं हिशेब काटाच करतो. या ५० एमएम एफ/२ लेन्सला ४९ एमएमचा फिल्टर बसतो, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. गुलालात लेन्स बदलायची नाही आणि रोलही बदलायचा नाही, एवढं पाळा. तो पडद्यावर बसला तर मामासुद्धा हात जोडतात.

पावसाळा

आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये कॅमेऱ्याचा शत्रू पाऊस नाही, बुरशी. कातडी केसमध्ये कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून हवा, बस. रोल मात्र फ्रिजमध्ये. वापरायच्या आधी तासभर बाहेर ठेवायचे, नाहीतर आत दव धरतं. “लोण्याच्या खणात ही डबडी कसली रे?” हा प्रश्न आमच्या घरी दर महिन्याला नव्यानं विचारला जातो.

तर, वसूल?

कॅमेरा लेन्ससकट दहा-बारा हजारांत पडला. आज तेवढ्याला तो सहज जाईल, त्यामुळे त्या रकमेचं दुःख नाही. रंगीत रोलांवर गेलेले पैसे गेले, त्यांतल्या फोटोंपैकी भिंतीवर लावावा असा एकही नाही. टँक, काळी पिशवी, थर्मामीटर यांवर झालेला खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त कामाला आलेला. शिवाय निगेटिव्हचे स्कॅन मी माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यानं मॅक्रो लेन्स लावून करतो, म्हणजे तोही अडगळीतून बाहेर आला. कुणी नुसत्या ‘फिल्म लुक’साठी विचारत असेल तर मी आता स्पष्ट सांगतो की तो लुक मोबाइलच्या ॲपमध्येही मिळतो, आणि फुकट. दुसरी बॉडी घेणार नाही, २८ एमएमची लेन्सही नको. आलेली एक ऑफर परवाच सोडली.

पुढची पायरी प्रिंटची. शाहूपुरीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचं यंत्र, आहे, मालक द्यायला तयार आहेत, भाव ठरायचाय. मामांना विचारलं तर म्हणाले, “लेन्स खराब असली तर दुसरी गावंल. आधी भाता बघ. आतनं टॉर्च मार आनि भायेरनं बघ. कुठनं चांदणं दिसलं तर जिना उतरून गप घरला ये.” रविवारी टॉर्च घेऊन जातोय. काय निघतं ते पुढच्या नोंदीत.