तुम्ही विचारलंत म्हणून: मी यादी का देत नाही

"मॅडम, बाकीच्या क्लासमध्ये फ्रेजल व्हर्ब्जची छापील यादी देतात, मराठी अर्थासकट. तुम्ही का नाही देत?" माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये नवी बॅच सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. (फ्रेजल व्हर्ब्ज म्हणजे 'गिव्ह अप', 'गिव्ह इन' अशी क्रियापदं, ज्यांत मागच्या छोट्या शब्दानं अर्थच बदलतो.) पालक विचारतात, पुण्याच्या नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधून संध्याकाळी येणारी मुलं विचारतात. मागे एकदा माझ्या नणंदेनं विचारलं, तेही जेवणाच्या पानावर. फी घेता, मग दोन कागद झेरॉक्स करून द्यायला काय जातं, असा एकूण सूर. एकदाचं लिहूनच टाकते.

यादी मिळत नाही असं थोडंच आहे? अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात गाइड मागा. 'गिव्ह अप'पुढे 'सोडून देणे, त्याग करणे' असं छापलेलं सापडेल. त्यात चूक काही नाही. पण तेवढ्या भांडवलावर माझ्याकडे आलेल्या वाक्यांचे नमुने बघा. 'ही गेव्ह अप टू स्मोक.' गेलं, तिथे 'गेव्ह अप स्मोकिंग' हवं. 'सिगारेट वाईट आहे, गिव्ह अप इट.' परत गेलं. 'इट', 'देम' असलं सर्वनाम आलं की त्याची जागा मध्ये: 'गिव्ह इट अप'. आणि माझं सगळ्यात लाडकं: 'आय गेव्ह अप माय सन ॲट स्कूल.' बाईंना म्हणायचं होतं, मुलाला शाळेत सोडून आले. इंग्रजीत त्यांनी मुलावरचा हक्कच सोडला की हो! तिथे साधं 'ड्रॉप' चालतं.

सर्वनामाचा तो नियम मी फळ्यावर लिहून लिहून थकले होते. मग २०१५ साली सरकारनं गॅसच्या सबसिडीसाठी 'गिव्ह इट अप' मोहीम काढली. जाहिराती सगळीकडे. एक कोटीहून जास्त ग्राहकांनी सबसिडी सोडली. त्या वर्षी माझ्या वर्गात 'गिव्ह अप इट' कुणी म्हटलं की बाकीचेच ओरडायचे, "अरे, सिलिंडर आठव!" असं कानावर पडलेलं एक वाक्य पुरतं.

आणि मराठीत आपण काय करतो? 'पैसे देऊन टाकले' आणि 'पैसे देऊन बसलो' यांतला फरक तुम्हाला कुठल्या यादीनं शिकवला? पहिल्यात सुटलो, दुसऱ्यात फसलो. पाच वर्षांचं पोरसुद्धा 'सांडून बसलास ना' ऐकून ओळखतं की आता धपाटा आहे. इंग्रजीचंही तसंच. पोरगं मोबाइलसाठी रडून रडून घर डोक्यावर घेतं आणि शेवटी आई देते, ते 'गेव्ह इन'. त्याच पोराला अभ्यासाला बसवता बसवता ती थकते आणि नाद सोडते, ते 'गेव्ह अप'. घर तेच, आई तीच.

हे सगळं मी ऐकवते आणि समोरचा मान डोलावून म्हणतो, "ते ठीक आहे मॅडम, पण यादी?"

तर मग तो प्रसंग सांगते, जो मी शक्यतो सांगत नाही.

संध्याकाळची बॅच होती. मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, याचा सराव चालला होता. प्रत्येकानं घरच्यांबद्दल दोन-तीन वाक्यं लिहायची आणि एकेक वाक्य सगळ्यांसमोर फळ्यावर घ्यायचं, ही माझी जुनी पद्धत. हडपसरहून येणारी एक मुलगी होती, विशीतली, फारसं न बोलणारी. तिनं लिहिलं होतं, 'माय फादर गेव्ह मी अप व्हेन आय वॉज एट.' अशी वाक्यं माझ्याकडे आधीही आली होती. बहुतेकांना म्हणायचं असतं 'गेव्ह अप ऑन मी', म्हणजे वडिलांनी माझ्याबद्दलची आशा सोडली. तो 'ऑन' गाइडमध्ये नसतो, म्हणून यांच्या वाक्यातही नसतो. पण आठव्या वर्षी कोण कुणाची आशा सोडतं? मला ते खटकलं, म्हणून मी परस्पर 'ऑन' घुसडला नाही. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. वरच्याचा अर्थ, मूल दुसऱ्याच्या हवाली केलं. खालच्याचा, मूल जवळच आहे, पण त्याच्याकडून आता काही अपेक्षा नाही.

"तुला यातलं कुठलं म्हणायचंय?"

ती उभी राहून फळा वाचत होती. "वरचं," म्हणाली. सगळे बघत होते म्हणून असेल, पुढे म्हणाली, "मामांकडे दिलं मला. भाऊ झाला तेव्हा." मी "बरं, बस" म्हणणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "मॅडम, खालचं पण बरोबर होईल का?"

व्याकरणानं होईल, मी म्हटलं. तिनं दोन्ही उतरवून घेतली. मग मी तिला सांगितलं की मुलाखतीत 'आय ग्र्यू अप ॲट माय अंकल्स प्लेस' एवढं पुरे, बाकी कुणाला सांगायचं बंधन नाही. पुढचे काही दिवस ती आली नाही. नंतर आली, बॅच पूर्ण केली.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एकीचं म्हणणं, हे बाजूला घेऊन विचारायचं होतंस. असेल. त्या वेळी मी तिच्याशी भांडले. सगळ्यांची वाक्यं फळ्यावर येतात, हिचं एकटीचं झाकलं असतं तर तेही वर्गाला दिसलंच असतं. हे मी आजही म्हणते, पण आवाज चढवून नाही म्हणत. कधी वाटतं, तास संपल्यावर विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि लगेच वाटतं, नुसतं लाल पेनानं 'ऑन' घातला असता, तर तिनं तो मुकाट्यानं मान्य केला असता आणि मुलाखतीत भलतेच वडील सांगितले असते. गाइडमधल्या एका ओळीत या दोन्ही बापांना 'सोडून देणे'च म्हटलंय.

नणंदेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, शंभरातल्या एकीसाठी नव्व्याण्णवांची यादी अडवायची?" तिच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मीच सांगते, गाइड घ्या आणि घोका. चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, तिथे तुमचे वडील कुणी विचारत नाही. मुलाखतीची फेरी आली की मात्र माझ्याकडे या, आणि येताना स्वतःच्या घरातली दहा वाक्यं लिहून आणा.

दहा कुणी आणत नाही. तीन आणतात, त्यातलं एक सिलिंडरचं असतं.