विक एल्फर्डची फळी (१/२४): दोन ९११ पूर्ण, ९०७ प्रायमरवर, शॅपरलचे पंखे बाकी

ब्रिटिश रॅली आणि शर्यतचालक विक एल्फर्ड म्हटलं की बहुतेकांना १९६८ सालची ती जोडगोळी आठवते. जानेवारीच्या अखेरीस मॉन्टे कार्लो रॅली, आणि लगेच ३-४ फेब्रुवारीला डेटोनाचे २४ तास. दोन्ही जिंकल्या. पण १९३५ साली लंडनच्या पेकममध्ये जन्मलेला हा माणूस रॅलीत आला तो शेजारच्या सीटवर, नकाशा घेऊन. मग ट्रायम्फ, फोर्ड, पोर्शे, फॉर्म्युला वन, कॅन-ॲम आणि ट्रान्स-ॲम या अमेरिकेतल्या शर्यतमालिका, अगदी डेटोना ५०० सुद्धा. २०२२ च्या मार्चमध्ये तो गेला, तोवर त्याने चालवलेली यादी एका फळीवर मावण्यापलीकडे गेली होती. म्हणून १/२४ प्रमाणातल्या मॉडेलांच्या या फळीसाठी निवड करावी लागली.

मालिकेचा नियम एकच: बैठक (गाडी जमिनीपासून किती उंच बसते ती) आधी, रंग नंतर. या गाड्यांचं पोट जमिनीपासून किती वर आहे, यातच त्याच्या कारकिर्दीचा अर्धा पल्ला दिसतो. बर्फातली पोर्शे ९११ उंच, पोर्शेच्याच ९०७ आणि ९१७ खाली, आणि शॅपरल २जे तर जमिनीला जवळजवळ चिकटलेली. सगळ्या एकाच उंचीवर बसवल्या तर फळी खेळण्यांच्या दुकानासारखी दिसते.

९११ टी, मॉन्टे कार्लो १९६८, क्र. २१० (पूर्ण)

आधार फुजिमीच्या ९११ आर '६७ किटचा. आर (रुंद चाकांची सर्किटवरची ९११) घेऊन टी करायची हा उलटा उद्योग वाटेल, पण कारण व्हीलबेसचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतल्या अंतराचं आहे. १९६८ पर्यंतच्या ९११ चा व्हीलबेस २२११ मिमी, १९६९ पासून तो २२६८ झाला. १/२४ ला हे अनुक्रमे ९२.१ आणि ९४.५ मिमी होतं. अडीच मिलिमीटर कमी वाटतात, पण मागची कमान आणि दार यांच्यामधला पत्रा लांबला की जाणकाराचा डोळा तिथेच अडकतो. १९६९ च्या बॉडीतून दोनेक मिमी काढून घेण्यापेक्षा आरचे फुगवटे तासणं सोपं.

तासण्याआधी कमानींच्या आतून इपॉक्सी पुट्टीचा दीड मिमी थर द्यावा आणि रात्रभर सोडावा. हे टाळलं की हमखास भोक पडतं, कारण आरच्या मागच्या कमानी रुंद चाकांसाठी बाहेर काढलेल्या आहेत आणि प्लास्टिक तिथे एक मिमीच्या आसपासच असतं. आधी ४०० चा कागद, मग ६००, मग प्रायमर. प्रायमरशिवाय कमानीचा गोलावा कळत नाही.

आरच्या आणखी तीन खुणा पुसाव्या लागतात: पुढचे छोटे गोल इंडिकेटर, मागचे गोल दिवे, आणि मागच्या बाजूच्या काचेतल्या झडपा. इंडिकेटरची भोकं स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांच्या) तुकड्याने बुजवली. पुट्टी भरली तर ती वाळताना खचते आणि महिन्याभराने रंगाखाली खळगा उमटतो. टीचे आडवे मागचे दिवे पारदर्शक स्प्रू घासून केले, पाठीला ॲल्युमिनियम फॉइल, वरून क्लिअर रेड आणि क्लिअर ऑरेंज.

आता बैठक. किट रस्त्यावरच्या नाही तर सर्किटवरच्या गाडीची उंची देतं. बाजूने काढलेल्या फोटोत टायरचा व्यास आणि चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, त्यांचं गुणोत्तर काढा, तेच मॉडेलवर लावा. गाडी वळणात झुकलेली किंवा ब्रेकवर दबलेली असेल तो फोटो बाद. शिम्ससाठी (उंची भरायच्या चकत्यांसाठी) ०.५ मिमी प्लास्टिक शीटचे तुकडे, पुढे-मागे वेगवेगळे.

टायरमध्ये खिळे दाखवायचा मोह आवरा. दोन मिमीचा खिळा या प्रमाणात ०.०८ मिमी होतो, सुईने टोचलेलं काहीही त्यापेक्षा दसपट मोठं दिसतं. टायर अरुंद घ्या, खांदे घासून गोल करा, एवढं पुरे.

मळकटपणाबद्दल एक सूचना. आपल्याकडचा हात आपसूक तांबड्या मातीकडे जातो. आल्प्समधली जानेवारी करड्या रंगाची असते: वितळलेला बर्फ, डांबराचा चिखल, वाळल्यावर पांढुरका थर. करडं आणि फिकट तपकिरी पिग्मेंट ३:१, पातळ इनॅमल थिनरमध्ये, चाकांमागून वर फवारल्यासारखं. छतावर जवळजवळ काही नको.

त्या रॅलीत पहिल्या दोन क्रमांकांवर पोर्शेच होत्या, दुसरी पाउली टोइव्होनेनची. एल्फर्डशी झुंजणारा जेरार लारूस आल्पिन घेऊन ट्युरिनीच्या घाटात बर्फावर घसरला. तो बर्फ प्रेक्षकांनी रस्त्यावर लोटलेला होता. हाच लारूस पुढे एल्फर्डचा जोडीदार झाला, ते ९१७ मध्ये येईल.

९११ आर, माराथॉन द ला रूट १९६७ (पूर्ण)

नुर्बुर्गरिंगवरची ८४ तासांची शर्यत. एल्फर्ड, हान्स हेरमान, योखेन नेरपाश. किट जवळपास जसंच्या तसं लागतं, फक्त एक गोष्ट कुणी पाहत नाही: ही गाडी स्पोर्टोमॅटिक होती. म्हणजे क्लचचा पेडल नाही. गिअरच्या दांड्याला हात लागला की स्विच बसतो आणि निर्वात दाबावर क्लच सुटतो. तेव्हा किटमधल्या तीन पेडलांतला डावा छाटून टाका, तळ सपाट करा. दार बंद झाल्यावर दिसणार नाही हे खरं, पण पेडल तसाच ठेवलेलं मॉडेल त्या शर्यतीचं नव्हे.

पांढऱ्या रंगासाठी टामिया टीएस-२६ चा डबा गरम पाण्यात (उकळत्या नव्हे, हाताला सोसेल इतक्या) दोन मिनिटं, मग तीन हलके थर आणि एक ओला. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर मारूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढऱ्यावर दुधाळ डाग, क्लिअरवर धुकं येतं. आर्द्रता ६५ टक्क्यांखाली असेल तरच. एसी तासभर चालवून खोली कोरडी करता येते, पण फवारताना तो बंद हवा, नाहीतर धूळ थेट छतावर. डाग पडलाच तर कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा धुक्यासारखा हलका थर मारा, बरेचदा निघतो.

९०७, टार्गा फ्लोरिओ १९६८, क्र. २२४ (प्रायमर)

डेटोनाची लांब शेपटीची ५४ क्रमांकाची न घेता सिसिलीची घेतली. डेटोनाच्या विजयात पाच नावं आहेत: एल्फर्ड, नेरपाश, श्टोमेलेन, सिफर्ट, हेरमान. टार्गात फक्त एल्फर्ड आणि उंबेर्तो मालिओली. ७२ किमीच्या दहा फेऱ्या, आणि पहिल्याच फेरीत चाकाच्या भानगडीत १८ मिनिटांच्या आसपास गेली. तिथून वर येऊन जिंकली. रॅलीवाल्याला अनोळखी घाट पाठ करायची सवय असते, ती इथे उपयोगी पडली असं म्हणायला जागा आहे.

रेझिन किट आहे, म्हणून आधी साबण आणि जुना टूथब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. साच्याचं तेल राहिलं की प्रायमर टेपसोबत पापुद्र्यासारखा निघतो. बॉडी थोडी पिळलेली येते: सत्तर अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवून काचेवर दाबून गार करा. स्टिअरिंग उजवीकडे असतं हे बसवण्याआधी तपासा. रिम १३ इंची, म्हणजे १३.८ मिमी. सुट्या चाकांच्या डब्यातली १५ इंची (१५.९ मिमी) लावली की गाडी एकदम जड दिसते. व्हीलबेस २३०० मिमी, म्हणजे ९५.८.

९१७ के, सेब्रिंग १९७१, क्र. ३ (डेकल झाले, क्लिअर बाकी)

व्हीलबेस पुन्हा तोच २३००. रॅलीच्या ९११ पेक्षा १/२४ ला जेमतेम पावणेचार मिमी जास्त, आणि त्यात बारा सिलिंडर. १९६९ ला ल मांमध्ये एल्फर्ड आणि रिचर्ड ॲटवुड यांनी याच जातीची पहिली, लांब शेपटीची गाडी तासन् तास पुढे ठेवली, शेवटचे तीनेक तास उरले असताना ती बंद पडली. सेब्रिंगच्या बारा तासांत मात्र लारूससोबत जिंकला.

प्रायोजक मार्टिनीचे पट्टे नाकावरून वळवणं हीच खरी परीक्षा. पूर्ण लांबीची डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र) एकदम टाकू नका. पॅनेलच्या रेघेवर कापून तीन तुकडे करा, मधला आधी. मार्क सॉफ्टर (डेकल मऊ करणारा द्रव) लावल्यावर डेकल सुरकुतते, तेव्हा हात लावायचा नाही, वीस मिनिटांत ती आपोआप बसते. त्या वेळात बोट लागलं तर निळी पट्टी ताणून लाटेसारखी होते आणि परत फिरत नाही. क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारताना टीएस-१३ चे पहिले दोन थर अगदी कोरडे, लांबून. पहिलाच ओला मारला की थिनर डेकल खातो.

शॅपरल २जे, कॅन-ॲम १९७०, क्र. ६६ (सांगाडा उभा)

जिम हॉलची ही पांढरी पेटी आधी वॉटकिन्स ग्लेनला जॅकी स्ट्यूअर्टने चालवली, पुढच्या शर्यतींना एल्फर्ड. रोड ॲटलांटा आणि रिव्हरसाइडला पोल (सुरुवातीची पहिली जागा), शर्यतीत मात्र दगा देणारी यंत्रं. मागे १७ इंची दोन पंखे, ते फिरवायला स्नोमोबिलचं वेगळं टू-स्ट्रोक इंजिन. पंखे पोटाखालची हवा ओढणार, कडेचे लेक्सन प्लास्टिकचे पडदे बाहेरची हवा अडवणार, गाडी रस्त्याला खेचली जाणार. हंगाम संपताच बंदी आली.

बॉडी १ मिमी स्टायरीन प्लास्टिक शीटची, आत दर २५ मिमीवर आडवी भिंत. भिंती कमी केल्या तर सपाट बाजू आठवड्याभरात आत खचते, कारण पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा द्रव) शीटला एका बाजूने मऊ करतं.

१७ इंच म्हणजे ४३२ मिमी, १/२४ ला नेमके १८. बाहेरचं कडं १८ मिमी आतल्या व्यासाच्या नळीचं, पंखा १७.४ मिमीचा, म्हणजे भोवती ०.३ ची फट राहते. पाती ०.२५ शीटची. सगळ्यांचा पीळ सारखा यावा म्हणून पेन्सिलीवर गुंडाळून गरम पाण्यात धरा. जोडायला सिमेंट नको, पाती वितळून लोंबतात. सुपरग्लू सुईच्या टोकाने. पात्यांची संख्या मागून काढलेल्या फोटोतून मोजा, पंखा थांबलेला असेल अशाच. रंग कड्यात बसवण्याआधी, नाहीतर ०.३ ची फट रंगाने भरते.

पडदे ०.१३ मिमी ॲसिटेटचे. सुपरग्लूच्या वाफेने ॲसिटेट धुरकटतं, म्हणून पांढरा फेव्हिकॉल. खऱ्या गाडीत पडदा सस्पेन्शनला जोडलेला होता, जमिनीपासून इंचभर वर राहायचा. मॉडेलवर ती फट १ मिमी. काचेवर १ मिमीची पट्टी ठेवून त्यावर पडदा टेकवायचा, मग चिकटवायचा. चाकांचे ॲक्सल आधी पक्के झाले पाहिजेत, नाहीतर शेवटी गाडी एका कोपऱ्यावर पडद्यावरच उभी राहते.

पुढचा क्रम: डावा पंखा, ॲक्सल, मग पडदे, आणि पांढरा रंग पाऊस संपल्यावर. रूऑनला पावसात ज्या फॉर्म्युला वन कूपरने तो चौथा आला ती या प्रमाणात चांगल्या किटशिवाय करणार नाही. १९६७ च्या लिडनमधल्या पहिल्या रॅलीक्रॉसची (माती आणि डांबर मिळून बनलेल्या छोट्या सर्किटवरच्या शर्यतीची) ९११ मात्र करायची आहे, उरलेल्या बॉडीवर. तिच्यासाठी इंग्लंडच्या चिखलाच्या रंगाचं मिश्रण कुणाकडे जमलं असेल तर प्रमाण कळवा.