आमची वाटचाल : मोजल्याशिवाय पार्ट बदलला नाही

कोल्हापुरात उद्यमनगरच्या आमच्या दुचाकी वायरिंगच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘६ व्होल्ट डायनॅमो दुरुस्त होईल’ ही ओळ आहे. नवी पोरं हसतात. हसू देत. म्हैसूरचा येझदी मोटरसायकलचा कारखाना १९९६ साली बंद झाला, तरी तो ४५ वॅटचा डायनॅमो घेऊन महिन्याला एखादा तरी येतोच. आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) खरादावर धरून हलका हात घ्यायचा, मग कॉम्युटेटरच्या (त्याच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या) दोन पट्ट्यांमधला अभ्रक घासून बारीक केलेल्या हॅक्सॉच्या पात्यानं अर्धा मिलिमीटर खाली उतरवायचा. हे दुसरं काम लोक गाळतात. अभ्रक वर राहिला की त्यावर टेकलेला कार्बन (ब्रश) उड्या मारतो, ठिणग्या पडतात, चार दिवसांत कॉम्युटेटर पुन्हा काळा. मग दोष येतो कार्बनच्या क्वालिटीवर.

दुकान दोघांनी सुरू केलं. वायरिंग आमच्याकडे, वाइंडिंग म्हणजे कॉइलीवर तार भरणं भागीदार आप्पांकडे. आप्पांची खरी भागीदारी म्हणजे त्यांची वही. कुठल्या गाडीच्या प्लेटला (चार्जिंगच्या कॉइलींची तबकडी) किती पोल (तार भरायचे लोखंडी दात), पोलाला किती फेरे, तारेचं गेज कितवं, पहिला पोल उजवा की डावा, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. शेजारच्या दोन पोलांचे फेरे उलटसुलट दिशेनं भरायचे असतात, कारण समोरून फिरणारी चुंबकंही उत्तर-दक्षिण अशी आलटूनपालटून येतात. आठ पोलांच्या सिरीज कॉइलीत एक पोल चुकून उलटा भरला तर तो स्वतःचं तर देत नाहीच, शेजाऱ्याचंही खातो. आठऐवजी सहाच पोलांइतकं व्होल्टेज मिळतं. ओहममध्ये कॉइल चोख दिसते, गाडी मात्र चार्ज होत नाही.

अवजारं फार नव्हती, आजही नाहीत. मल्टिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), हायड्रोमीटर आणि दोन वायरी लावलेला हेडलाइटचा बल्ब. हा बल्ब हजार रुपयांच्या यंत्राला भारी आहे. फ्यूज सारखा उडत असेल तर फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत हा बल्ब लावा. शॉर्ट असेल तोवर तो लख्ख पेटेल. मग एकेक कपलर (तारा जोडणारा प्लग) काढत जा आणि हँडलखालचं हार्नेस (तारांचा जुडगा) हलवत राहा. ज्या जागी बल्ब मंदावला, तिथं तार सोललेली. निम्म्या वेळा ती जागा टी-स्टेमजवळच (हँडल ज्यावर वळतं तो दांडा) सापडते, कारण हँडल वळताना तार तिथं घासते.

स्प्लेंडर आल्या, काम वाढलं, दुकानाला पत्र्याऐवजी स्लॅब पडला. त्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते तारेचं. आमच्या नेहमीच्या पुरवठादारानं एकदा इनॅमल तारेची (वर इन्सुलेशनचा पातळ थर असलेल्या) रिळं दिली. लेबलवर १८० क्लास, म्हणजे १८० अंश उष्णता झेलणारं इनॅमल. गेज बरोबर, तांबं शुद्ध. आप्पा उलट खूश, कारण तार न खरवडताच डाख धरत होती, वेळ वाचत होता. तिथंच शंका यायला हवी होती. आमच्या जुन्या १८० क्लासच्या तारेचं इनॅमल पात्यानं खरवडल्याशिवाय सोल्डर कधी धरायचं नाही. सोल्डरच्या उष्णतेनं आपोआप जळून जाणारं इनॅमल बहुतेक वेळा खालच्या क्लासचं असतं.

त्या रिळांच्या कॉइली महिन्या-दोन महिन्यांत परत येऊ लागल्या. तक्रार एकच : सकाळी चार्जिंग नीट, वीस किलोमीटरनंतर बंद. थंड गाडीला बॅटरीवर १४ व्होल्ट, तापली की १२.४ आणि उतरतच चाललेलं. कॉइल काढून बाकावर मोजावी तर सगळं ठीक. इनॅमल इंजिनच्या गरम तेलात नरम पडून फेऱ्याला फेरा चिकटत होता आणि गार झाल्यावर सुटत होता. असा शॉर्ट साध्या मीटरवर सापडत नाही. मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावल्या तरी तो ०.२-०.३ ओहम दाखवतो आणि अख्खी कॉइलच एक ओहमच्या आत. म्हणून तेव्हापासून कॉइलीतून नेमका १ अँपियर सोडून तिच्या टोकांवर मिलिव्होल्ट वाचतो. ८०० मिलिव्होल्ट म्हणजे ०.८ ओहम, पिनांचा रेझिस्टन्स हिशेबात येतच नाही. तेही कॉइल भट्टीतून गरम काढून.

प्रत्येक कॉइल आम्ही फुकट भरून दिली. पुरवठादारानं लेबलकडे बोट दाखवून हात झटकले. आप्पांनी त्याच वर्षी काम सोडलं, वही ठेवून गेले.

याच काळात समोरच्या दुकानानं ‘रिवाइंडिंग टिकत नाही’ असं पसरवलं. त्यांची पद्धत सोपी : गाडी आली की आर.आर. युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, व्होल्टेज आवरून एसीचा डीसी करणारं) बदला, नाही जमलं तर नवी प्लेट टाका. मीटर खिशातून काढलेला कुणी पाहिला नाही. तिथून आमच्याकडे आलेल्या कित्येक गाड्यांना पार्ट लागलाच नाही. इंजिन ४००० आरपीएमवर, लाइट चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी आर.आर.च्या बॉडीवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ (निगेटिव्हची बॉडीशी जोडणी) गंजलाय. तसंच आर.आर.ची लाल तार आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह यांच्यात बघायचं. कपलरची पिन हिरवी पडलेली असते. सँडपेपर आणि नवा थिंबल (तारेच्या टोकाची क्लिप), काम संपलं. जुन्या स्प्लेंडरचे हेडलाइट बल्ब सारखे उडतात तेव्हाही आधी आर.आर.ची हिरवी तार बघा. तिथं हेडलाइट पिवळ्या तारेच्या एसीवर चालतो. अर्थ तुटला की व्होल्टेज आवरायला कुणी उरत नाही आणि रेस दिली की बल्ब गेला.

त्या पडत्या काळातही एक गिऱ्हाईक हललं नाही. कागलकडचे दूधवाले पाहुणे, जुनी बुलेट ३५०. त्यांच्या कॉइलीतही तीच तार होती. दोनदा भरून दिली, तरी तिसऱ्यांदा आमच्याच दारात. “कॉइल गेली, माणूस गेला न्हाई,” एवढंच म्हणाले. बुलेटची कॉइल प्रायमरी केसमध्ये (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं झाकण) तेलात असते, म्हणून तिथं वार्निशही तेल झेलणारंच लागतं. बसवताना रोटरभोवती (फिरणाऱ्या चुंबकाभोवती) फीलर गेजची ०.२ मिलिमीटरची पट्टी सगळीकडून फिरली पाहिजे. एका बाजूला अडकली तर रोटर प्लेटला घासणार. बाहेर येणारी तार चेनपासून लांब बांधा. अँपमीटरच्या मागचे नट वर्षातून एकदा तपासा. सगळा करंट तिथून जातो, ढिला नट वायर जाळतो.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू झाला. ते बघून जुन्या गाडीवालेही डीसी हेडलाइट, एलईडी मागू लागले. करून देतो, पण नुसता आर.आर. बदलून नाही. हाफ-वेव्ह प्लेटचं (एसीच्या लाटेचा अर्धाच भाग बॅटरीला देणाऱ्या) अर्थला डाख दिलेलं टोक सोडवून बाहेर आणायचं, दोन्ही टोकं फुल-वेव्ह आर.आर.ला द्यायची, मग लाइटची पिवळी तार बॅटरीवर घ्यायची. प्लेट न उघडता हेडलाइट बॅटरीवर टाकणाऱ्यांची २.५ अँपियर-अवरची बॅटरी पावसाळाही काढत नाही.

गाडी आणणार असाल तर आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावू नका. आहे तशी आणा, आम्हाला तिचं खरं व्होल्टेज बघायचंय. १२.६ म्हणजे भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. आणि जळलेली कॉइल भंगारात टाकू नका, सोबत आणा. आप्पांच्या वहीत जी गाडी नाही, तिचे फेरे तिच्यावरूनच मोजावे लागतात.