आमची वाटचाल : बिनवासाचं क्लीनर जिममध्ये कसं शिरलं

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. फरशी, बाथरूम आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी लागणारी क्लीनर आम्ही तिथं बनवतो. मी शिवाजी विद्यापीठातून केमिस्ट्री शिकले. सुरुवात घरी भांड्यांच्या लिक्विडनं झाली, मग शाळा आल्या, दातांचा एक दवाखाना आला. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. आमची खरी परीक्षा घेतली ती राजारामपुरीतल्या एका जिमनं.

जिमचे मालक तालमीत घडलेले. पोरं त्यांना वस्ताद म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. २०२० च्या दसऱ्याला महाराष्ट्रातल्या जिम पुन्हा उघडल्या, तेव्हापासून तिथं हायपोक्लोराइटची, म्हणजे ब्लीचची, फवारणी सुरू झाली होती. साथ ओसरली, सवय राहिली. बारवर गंजाचे ठिपके, बेंचचं रेक्झिन भेगाळलेलं. एकदा भेग पडली की घाम आतल्या फोममध्ये मुरतो आणि मग वरून काहीही पुसा, कुबट वास जात नाही. रबरी मॅटवर भरपूर पांढरं फिनेल. त्यातलं पाइन तेल रबराला मानवत नाही. मॅट चिकट होते, तिच्यावर धूळ बसते, आणि ती काढायला आणखी फिनेल!

हे सगळं सांडपाण्यातून नदीत जातं, म्हणून मी आधी पंचगंगेवर बोलले. नदीचं नाव काढलं की कोल्हापुरात सगळेच मान डोलावतात. वस्तादांनीही डोलावली.

"ताई, नदीचं पटतंय मला. पण नदी काय माझ्याकडं फी भरत न्हाई."

मला राग आला नाही. महिन्याचं भाडं आणि ट्रेनरचा पगार देणाऱ्या माणसानं हेच म्हणायचं. पुढच्या खेपेला मी बेंचची नवी कव्हरं शिवून घेण्याचा खर्च विचारला. आकडा त्यांना तोंडपाठ होता. तिथून बोलणं जरा रुळावर आलं.

मग हिशेब मांडला. आमचा पाच लिटरचा कॅन नऊशेचा, सुट्या फिनेलपेक्षा महागच दिसतो. पण एक लिटर पाण्याला २० मिली पुरतं, म्हणजे कॅनमधून २५० लिटर पाणी तयार होतं. लिटरला साडेतीन रुपयांच्या आसपास. फिनेल मात्र जिमच्या सफाईवाल्या मावशी अंदाजानं ओतायच्या, बादलीचं पाणी दुधासारखं होईपर्यंत. म्हणून कॅनबरोबर मापाचं झाकण फुकट दिलं. माझ्या मते त्या झाकणानं क्लीनरपेक्षा जास्त पैसे वाचवले.

मावशींचा विषय वेगळाच निघाला. त्या बाथरूममध्ये आधी ॲसिड टाकायच्या आणि वरून ब्लीच, "दोन्ही मिळून जोरात काम करतात" म्हणून. हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये त्यांना खोकल्याची ढास का लागायची, डोळे का चुरचुरायचे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वस्तादांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. त्याच आठवड्यात ॲसिडची बाटली आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही गेल्या. आता तिथं सायट्रिक ॲसिडचं क्लीनर आहे. क्षार निघायला वेळ लागतो, घासावंही लागतं. ते मी आधीच सांगितलं होतं.

वस्तादांची मुख्य शंका नायट्याची होती, आणि ती रास्त होती. आमचं रोजचं क्लीनर साखर आणि वनस्पती तेलांपासून बनणाऱ्या ग्लुकोसाइडचं. ते घाम आणि तेलकटपणा काढतं, पण बुरशी मारण्याचा दावा मी करत नाही. नैसर्गिक म्हणजे जंतुनाशक, असं सांगून विकणारे बाजारात कमी नाहीत. "आमच्या आखाड्याच्या मातीत हळद, लिंबू, कापूर, ताक घालायचो," असं वस्ताद म्हणाले. मी म्हटलं, वस्ताद, माती रोज खणायचात. रेक्झिन कोण खणतंय?

शेवटी ठरलं असं : बेंच आणि मॅट आधी क्लीनरनं पुसायच्या, मग दिवसातून एकदा हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण मारायचं आणि लेबलवर दिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. लगेच पुसलं तर उपयोग नाही. काम झाल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून काळी बाटली, आणि ती गच्चीवर ठेवायची नाही. प्रत्येकानं स्वतःचा टॉवेल बेंचवर टाकायचा, हा नियम मात्र मी मागून घेतला. तो आमच्या कुठल्याही मालापेक्षा स्वस्त आहे.

आधी फक्त लेडीज बॅचच्या बाजूला वापरून बघितलं. तक्रार आली ती भलतीच : "वास येत नाही, म्हणजे आज पुसलंच नाही." फिनेलच्या वासालाच स्वच्छता समजायची आपली सवय जुनी. थोडं गवती चहाचं तेल घालून मी तडजोड केली, फक्त फरशीच्या कॅनमध्ये.

आता पूर्ण जिम आमच्याकडे आहे, आणि वस्तादांच्या ओळखीतून आणखी काही जिमवाले विचारतात. पहिला प्रश्न "कॅनवर हिरवं पान का नाही?" पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या मालाला शिक्का देणारी केंद्र सरकारची इकोमार्क योजना १९९१ पासूनची, तिचे नवे नियम २०२४ मध्ये आले. तो शिक्का आम्ही अजून घेतलेला नाही, म्हणून पानही छापत नाही. घटकांची यादी छापतो.

सध्या वस्तादांनी नवं काम लावलंय : वजनं उचलणारी पोरं हाताला लावतात ती पांढरी पावडर बारच्या खाचांत बसते. ॲसिडनं ती विरघळेल, पण बारचा मुलामाही खाईल. तूर्त नायलॉनचा ब्रश आणि वरून हलका तेलाचा हात, असं चाललंय.