डीकोडर बदलायला इतका वेळ का लागतो?

तुमच्या मॉडेल रेल्वे इंजिनातल्या डीकोडरबद्दल (म्हणजे मोटरला हुकमाप्रमाणे वीज देणाऱ्या छोट्या सर्किटबद्दल) तुम्ही विचारलंत, आणि तुमच्याआधीही बऱ्याच जणांनी विचारलंय: "जुना डीकोडर काढायचा, नवा बसवायचा, एवढंच ना? मग इंजिन इतके दिवस तुमच्याकडे कशाला?" बदलायचं काम खरोखरच तासाभराचं आहे. वेळ जातो तो आधीचा डीकोडर कशाने गेला हे शोधण्यात. ते कळल्याशिवाय मी नवा बसवत नाही, कारण तोही त्याच वाटेने जातो.

या छंदात नवीन असणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. जुन्या पद्धतीत रुळांतली वीज थेट मोटरला मिळायची. नॉब फिरवला की रुळावर असतील तेवढी सगळी इंजिनं एकदम पळायची. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डिजिटल हुकमांची नवी पद्धत) रुळांवर कायम साधारण 14 ते 16 व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत असते. या पालटण्यातच हुकूम दडलेला असतो: 58 मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे एक, 100 किंवा त्याहून लांब म्हणजे शून्य. इंजिनातला डीकोडर हे वाचतो, हुकूम आपल्या नंबरचा असेल तरच पाळतो आणि मोटरला हवी तेवढीच वीज सोडतो. ही पद्धत मुळात जर्मनीतल्या लेन्झ कंपनीची. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली, म्हणून आज एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात चालतो.

आता मुद्द्याचं. रुळातली वीज मोटरपर्यंत फक्त डीकोडरमधूनच पोचली पाहिजे. दुसरी कुठलीही चोरवाट राहिली, की डीकोडर क्षणात जळतो. अ‍ॅथर्नची (ही मॉडेल रेल्वे बनवणारी अमेरिकी कंपनी) निळ्या खोक्यातली जुनी इंजिनं घ्या. त्यांत मोटरचा खालचा ब्रश धातूच्या क्लिपने सरळ चासीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) टेकलेला असतो आणि चासी एका बाजूच्या चाकांना जोडलेली असते. जुन्या पद्धतीत ती रचना अगदी योग्य होती. डीसीसीसाठी मात्र मोटर बाहेर काढून खालची क्लिप वेगळी करावी लागते, तिला स्वतंत्र वायरचा डाख द्यावा लागतो आणि मोटरखाली काप्टन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावावी लागते. मग मल्टिमीटर घेऊन मोटरची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासायची. एकदाही बीप वाजता कामा नये. मी बॉडी चढवण्याआधी हे तपासतो आणि चढवल्यावर पुन्हा तपासतो, कारण बॉडी दाबताना वायर चेपली जाते.

दुसरं कारण मोटर स्वतःच. एचओ मापाच्या (खऱ्याच्या 1:87) इंजिनातला डीकोडर साधारण एक अँपियरचा असतो. मोटरला 12 व्होल्ट साधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) देऊन तिचा दांडा क्षणभर धरून ठेवला की ती जास्तीत जास्त किती खेचते ते मीटरवर दिसतं. आकडा एकच्या वर गेला तर नवा डीकोडर लावण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्समध्ये सापडतो: वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या इंजिनातलं ग्रीस काकवीसारखं चिकट होतं आणि मोटर त्यातून चाकं ओढत राहते. ते धुऊन काढणं, वाळवणं, अगदी थेंबभर नवं तेल देणं, यातच दिवस जातात. मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत मोलाचं काम हेच. नवा डीकोडर कितीही भारी घेतला तरी जड चालणाऱ्या इंजिनाला तो सावकाश चालवू शकत नाही.

आठ पिनांचं सॉकेट असेल तर जोडणी सोपी. प्लग उलटा बसला तरी सहसा काही जळत नाही. इंजिन उलट्या दिशेने जातं आणि दिवे लागत नाहीत, एवढंच. सॉकेट नसेल तर रंग पाहायचे: लाल-काळी रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरकडे. यानंतर इंजिन आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरच (डीकोडरची सेटिंग्ज करायच्या वेगळ्या रुळावर) ठेवायचं. तिथे वीज मर्यादित असते, त्यामुळे जोडणी चुकली असली तरी डीकोडर सहसा जळत नाही. नंबर विचारला की डीकोडर मोटरला एक बारीक झटका देऊन "हो" म्हणतो. इंजिन जागच्या जागी किंचित हलतं आणि स्क्रीनवर 3 येतो, कारण कारखान्यातून प्रत्येक डीकोडर 3 नंबर घेऊनच येतो. मला हा क्षण दर वेळी तितकाच आवडतो.

शेवटचं काम वेगाचं, आणि तुमच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात आणि 1:37 चा चढ ढकलत लोणावळ्याला नेतात, तसं तुम्ही पुढे-मागे इंजिनं लावून चालवता. दोघांचे डीकोडर वेगळे असले की एकाच नॉबवर त्यांचा वेग सारखा पडत नाही. एक ढकलतो, दुसरा अडवतो, दोन्ही मोटरी तापतात आणि नवा डीकोडर पुन्हा धोक्यात येतो. म्हणून सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग, म्हणजे सीव्ही (डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग्ज) 2, 6 आणि 5, दोन्ही इंजिनं एकाच रुळावर सुटी चालवून जुळवावे लागतात. तेव्हा या वेळी पार्सल कराल तेव्हा जोडीचं दुसरं इंजिनही पाठवा, ते चांगलं चालत असलं तरी. आणि त्याच्या सीव्हींचे आकडे आधी वाचून कागदावर लिहून ठेवा.