निकाल येत नव्हता तेव्हा

लंडनच्या अपील कोर्टात आमच्या कराच्या खटल्याची सुनावणी होऊन गेली होती, निकाल मात्र जुलै 2011 पर्यंत आला नव्हता. जानेवारी 2010 मध्ये हायकोर्टात आमच्या विरोधात निकाल लागला, तेव्हापासून आम्हा कॉन्ट्रॅक्टर मंडळींचा, म्हणजे ब्रिटनमध्ये कंत्राटावर काम करणाऱ्यांचा, जीव टांगणीला लागला होता.

आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरच्या भागीदारीतून आम्हाला मिळणाऱ्या उत्पन्नावरची करसवलत ब्रिटनच्या 2008 च्या वित्त कायद्यातल्या कलम 58 ने काढली. फक्त पुढच्या वर्षांची काढली असती तर ब्र काढला नसता. पण कायदा म्हणतो, ती सवलत कधी नव्हतीच! आम्ही दरवर्षी रिटर्नमध्ये सगळं उघड लिहिलं होतं हो.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी माझ्यासारख्याच एका मित्राकडे गेलो. डायनिंग टेबलावर मागच्या वर्षांच्या कराची व्याजासकटची थकबाकी आणि घराच्या हप्त्यांचे कागद शेजारी शेजारी. वहिनी म्हणाल्या, "भावजी, घर विकायला काढायचं का?" काय सांगणार? थांबा म्हणालो, निकाल येऊ दे.