सरासरी ५५९.६

काल संध्याकाळी नेमबाजीच्या रेंजवरच्या फळ्यावर नवी गटवारी लागली आणि माझे नाव पुन्हा 'ब' गटातच राहिले. शेवटच्या पाच सामन्यांची सरासरी ५६० भरली की 'अ' गट, हा सरांचा साधा नियम, माझी ५५९.६ भरली. म्हणजे तीनशे शॉटमध्ये मिळून दोन गुण कमी पडले. सात रस्त्यापासून घरापर्यंत मी तेच दोन गुण मोजत आले, आणि जेवताना आईने दोनदा विचारूनही काही बोलले नाही.

सगळा दोष मी एप्रिलमधल्या सामन्यातल्या त्या ५४८ गुणांवर टाकला होता. सोलापूरचे ते ऊन, ग्रिपमध्ये उतरणारा तळहाताचा घाम, शिवाय आदल्या रात्री बाबांचे जे झाले ते; ते इथे लिहीत नाही. पिस्तुलाच्या पात्रता फेरीत पूर्ण गुणच धरतात, त्यामुळे मॉनिटरवर ९.९ दिसले तरी पदरात नऊच पडतात, आणि त्या दिवशी असे तीन शॉट होते. त्यांतले दोन जरी केसभर आत गेले असते तर? या 'तर'ने रात्रभर डोळा लागू दिला नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनाही आठवून पाहिले. २०२४ मध्ये पॅरिसला पात्रता फेरीत ते ५९० गुणांसह सातवे होते आणि अंतिम फेरीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. पण सातवे असले तरी ते अंतिम फेरीत जाणाऱ्या पहिल्या आठांत होते. मी रेषेच्या बाहेर आहे, तेव्हा तो दिलासा मला उसना घेता येत नाही.

पहाटे उठून वही काढली आणि पाचही सामन्यांच्या सिरीज, म्हणजे दहा-दहा शॉटचे गुण, एकाखाली एक लिहिल्या. ५४८ ची फोड अशी: ९४, ९३, ९२, ८६, ९१, ९२. उरलेले चार सामने ५६१ ते ५६४ चे, त्यांतले दोन तर भर पावसाळ्यातले; तरीही चारही सामन्यांत सर्वांत कमी गुण चौथ्याच सिरीजचे निघाले. मग उन्हाला बोल लावण्यात अर्थ उरला नाही. तीस शॉट झाले की मी मॉनिटरवरची बेरीज पाहते आणि पुढचा हिशेब मांडू लागते. त्यानंतर नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या माशीवर ठरत नाही, टार्गेटकडे धावते. होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणे, लांबतो, हात खाली घ्यायला हवा तेव्हा तो न घेता मी ट्रिगर ओढून मोकळी होते. साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटे असतात, घाईचे काहीच कारण नसते.

मी स्वतःला ५६४ ची नेमबाज समजत होते, कारण तो दिवस मला आवडतो. पण पाचही दिवस माझेच आहेत, एप्रिलचासुद्धा. ते दोन गुण अजून टोचतात, हे खरे. तरी 'ब' हे अक्षर कालच्याइतके परके वाटत नाही.

मॉनिटरवरची बेरीज झाकण्यासाठी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची बोटभर पट्टी कापून पिशवीत ठेवली आहे. सरांना आधी विचारावे लागेल.